विंग फॉइलिंग: सुरुवातीला एवढंच बघ

विंग (हातात धरायचं, हवा भरलेलं शिड) घेतलीस, फार छान! पण फॉइलच्या (बोर्डखालच्या, पाण्यातल्या पंखाच्या) जोरावर पाण्यावरून उडायची घाई नको. दोन-तीन दिवस वाळूवर नुसती विंग हाताळ, मग मोठ्या बोर्डवर गुडघे टेकून चालव.

पहिली चूक वाऱ्याच्या दिशेत होते. गिरगाव चौपाटीला सकाळी बऱ्याचदा मतलई वारे (जमिनीकडून समुद्राकडे) असतात. पाणी कसं सपाट दिसतं, आणि माणूस नकळत खोल समुद्राकडे ढकलला जातो. तू दुपारी ये. मार्च-एप्रिलमध्ये खारे वारे 12 ते 15 नॉट (ताशी साधारण 22 ते 28 किलोमीटर) मिळाले की शिकायला पुरे.

दुसरी भरती-ओहोटीची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आपल्याकडे पाणी 4 मीटरहून जास्त चढतं-उतरतं. फॉइलचा मास्ट (बोर्डला फॉइल जोडणारा दांडा) साधारण 75-80 सेंटिमीटरचा; तो चिखलात रुतला की आपण थेट तोंडावर. माझ्या हनुवटीचे तीन टाके त्यातलेच. छातीभर पाणी हवंच.

- हेल्मेट, इम्पॅक्ट जॅकेट (मार झेलणारं), बोर्ड आणि विंग दोन्हींना लीश (अंगाला बांधायची दोरी). यात सूट नाही.
- पडताना फॉइलपासून लांब पड.
- वारा गेला तर बोर्ड सोडून पोहत निघू नकोस, तोच तुझा तराफा.
- कोळ्यांच्या जाळ्यांचे बोये दिसले की लांबूनच वळ.

पंपिंग (बोर्ड पायांनी वर-खाली करत फॉइलवर वेग घेणं) आणि मोठे फॉइल यांचं नंतर बोलू. जून ते सप्टेंबर मात्र बोर्ड घरीच.