गोष्ट वाचून झाली की तात्पर्य विचारू नका

प्रश्न : आम्ही सांगलीवाडीत राहतो. 2019 च्या महापुरात घर सोडलं तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. अजूनही पावसाची झड लागली की कृष्णेवरच्या पुलाबद्दल ‘आयर्विनला पाणी किती झालं?’ हेच विचारत राहतो. पुराच्या गोष्टी वाचून दाखवाव्यात का?

उत्तर : दाखवा, पण सुरुवात पुरापासून नको. आधी घर बदललेल्या, काहीतरी हरवलेल्या कुणाची तरी गोष्ट घ्या. स्वतःची भीती सांगायला मुलं बिचकतात, खारुताईची मात्र बिनधास्त सांगतात. माझ्याकडे येणारी एक मुलगी झाड पडलेल्या खारीचं चित्र बघून म्हणाली, “हिची बाहुली आतच राहिली असणार.” पुस्तकात बाहुली नव्हतीच. आईचे डोळे भरले, कारण पुराच्या रात्री काय मागे राहिलं ते तिला ठाऊक होतं. अशा वेळी लगेच ‘म्हणजे तुझी बाहुली ना?’ असं विचारू नका. पान तसंच उघडं ठेवा, पोर बोलेल.

आणि आयर्विनचा प्रश्न उडवून लावू नका. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45, त्या वर्षी पाणी 57 च्या पुढे गेलं होतं, हे त्याच्याच वहीत लिहा आणि पावसाळ्यात रोजचा आकडा दोघं मिळून टिपा. झोप उडाली असेल किंवा शाळेत जायलाच नको म्हणत असेल, तर मात्र पुस्तकावर भागवू नका, समुपदेशकाला भेटा.

प्रश्न : मुलगा-सून पुण्याला कामाला, नातू माझ्याकडे कोरेगावला. मला वाचायला बेताचंच येतं. रागावला की हातातलं फेकतो.

उत्तर : आजी, चित्रांची पुस्तकं आणा. त्याला मांडीवर घ्या, चित्रावर बोट ठेवा आणि ‘ह्याला काय झालं असंल रं?’ एवढंच विचारा. पुढचं तुमच्या तोंडी आहेच. हिरमुसला, खट्टू झाला, ओशाळला, चुटपुट लागली... हे शब्द आताच्या घरांतून नाहीसे होत चाललेत, याचं मला फार वाईट वाटतं. ज्या पोराकडे ‘राग आला’ एवढाच शब्द असतो, त्याला हिरमुसल्यावरही रागच येतो. मग वस्तू फेकणं आलंच.

प्रश्न : मुलगी तेच पुस्तक विसाव्यांदा वाचायला लावते. कंटाळा आलाय.

उत्तर : तुम्हाला आलाय, तिला नाही. पुढे काय होणार हे माहीत असण्यातच तिला धीर वाटतो. वाचा.

प्रश्न : आमची बारा वर्षांची लेक दिवसभर पुस्तकात. कुणात मिसळत नाही. (सातारा)

उत्तर : मैत्रिणी आल्या तर ती पुस्तक बाजूला ठेवते का? ठेवत असेल तर काळजी सोडा. मैत्रिणीच टाळत असेल, तर शाळेत काय चाललंय ते हळूच काढून घ्या. चिडवाचिडवीपासून लपायला पुस्तकाइतकी सोयीची जागा नाही. एखाद्या रविवारी तिला एका मैत्रिणीसह पाचगणीजवळच्या भिलारला न्या. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरांत बसून वाचता येतं. येताना गाडीत दोघींना मागे बसवा आणि तुम्ही गप्प राहा.