आजोबांच्या ट्रॅक्टरची लोखंडी चाकं कापून टायर बसवावेत का?

कापू नका.

मुरबाडजवळच्या वाडीत आजोबांचा लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर आहे, इंजिन चालू होतं, आणि पाडव्याला ठाण्याच्या स्वागतयात्रेत तो चालवत आणायचाय, म्हणून धाव (चाकाची बाहेरची लोखंडी कड) कापून आऱ्यांवर टायरची रिम वेल्ड करू का, असं तुम्ही विचारलंय. माझं वागळे इस्टेटला फॅब्रिकेशनचं काम आहे. वेल्डिंग करून द्यायला कोणीही तयार होईल. पण अशा चाकांचा तुंबा, म्हणजे मधला हब, बहुतेक वेळा ओतीव लोखंडाचा असतो. उष्णता नीट न सांभाळता तिथे वेल्ड मारलं, तर गार होताना तडा जातो आणि तो सहज दिसतही नाही. शिवाय हे ट्रॅक्टर माणसाच्या चालीने नांगरायला बनवलेले, ब्रेक बेताचेच. गोखले रोडच्या गर्दीत तसलं यंत्र मी तरी नेणार नाही.

आहे तशा चाकांवर आणायचा विचारही सोडा. धावेवरचे दाते मातीत रुतून पकड घ्यावी म्हणून असतात. डांबरावर रस्त्याची वाट लागतेच, पण प्रत्येक दात्याचा दणका आऱ्यांच्या रिव्हेटना बसतो. पूर्वी रस्त्याने न्यायचं झालं तर दात्यांवरून सपाट लोखंडी पट्टा चढवत. शेतात मात्र लोखंडाला कमी लेखू नका. शहापूर-मुरबाडला चिखलणीला आजही केज व्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखी लोखंडी चाकं, लावतातच की!

चाकं लोखंडी आहेत म्हणून ट्रॅक्टर फार जुनाच असेल, असंही धरू नका. अ‍ॅलिस-चाल्मर्स या अमेरिकन कंपनीने १९३२ मध्ये मॉडेल यू हवेच्या टायरवर आणला आणि पुढच्याच वर्षी बार्नी ओल्डफिल्ड या शर्यतपटूकडून तसला ट्रॅक्टर ताशी ६४ मैलांनी पळवून घेतला, जाहिरातीसाठी. मग अनेकांनी जुन्या चाकांची धाव कापून टायर बसवले, अगदी तुम्ही म्हणताय तसेच, त्यामुळे धड राहिलेल्या जोड्या कमी. पण दुसऱ्या महायुद्धात जपानने रबर पिकवणारा मलाया घेतल्यावर रबर आटलं, आणि अमेरिकेत नवे ट्रॅक्टर पुन्हा लोखंडी चाकांवर निघाले. म्हणून साल ठरवायचं तर सिरीयल नंबर बघा. (अमेरिकेतले मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे काही जुन्या वळणाचे शेतकरी अजूनही मुद्दाम लोखंडी चाकंच ठेवतात. टायर आले की ट्रॅक्टर घेऊन लोक बाजारात हिंडायला लागतील, ही त्यांची धास्ती.)

यात्रेसाठी लो-बेड ट्रेलर भाड्याने घ्या. लोखंडावर लोखंड घसरतं, त्यामुळे रॅम्पवर आणि खाली जाड फळ्या किंवा जुना कन्व्हेयर बेल्ट टाका. साखळ्या एक्सलला बांधा, आऱ्यांना अजिबात नको. त्याआधी प्रत्येक आऱ्यावर हलकी हातोडी मारून बघा. घट्ट असेल तर खणखणतो, सैल असेल तर बद्द वाजतो. सैल रिव्हेटच्या डोक्याखालून गंजाचा तांबूस ओघळही आलेला असतो. वायर ब्रश मारून रेड ऑक्साइड द्या आणि पावसाळ्यात चाकं मातीवर ठेवू नका, धाव टेकते तिथूनच खाते.

टायर हवेतच असतील तर वेगळी जोडी बनवता येईल, मूळ चाकं काढून ठेवायची. त्यासाठी तुंब्याचा समोरून फोटो टाका, शेजारी पट्टी धरून, आणि चाक एक्सलवर बोल्टने बसलंय की चावीने (खाचेत ठोकलेल्या लोखंडी पट्टीने) तेही कळवा.