आधी उलटतपास, मग ॲग्रीमेंट

प्रिय वकीलबाई,

(सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, हातात यायची आहे माहितीये, पण हाक ऐकून घ्यायची सवय आत्तापासूनच लागलेली बरी.)

तुझा मेसेज वाचला. एवढा लांबलचक मेसेज आणि त्यात खरा प्रश्न एकच, की मुंबईच्या फर्मची ऑफर घेऊन डायरेक्ट कॉर्पोरेटला जाऊ की इथे पुण्यात शिवाजीनगर कोर्टात कुणाच्या तरी हाताखाली ज्युनियर म्हणून उभी राहू. बाकी घरचे काय म्हणतात, वर्गातल्या कुणाला किती पॅकेज मिळालं, ते सगळं तू स्वतःचीच समजूत घालायला लिहिलंयस. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, उगाच धाकधूक नको. निदान चारपाच वर्षं खालच्या कोर्टात काढ. दावे, पुरावे, उलटतपास यात. आणि हे मी ‘आमच्या वेळी असं होतं’ छाप बोलत नाहीये हं, मी स्वतः आता निम्म्याहून जास्त पोट कंपन्यांना सल्ले देऊनच भरतो, भोसरी-चाकणच्या कारखानदारांची ॲग्रीमेंटं करतो, नोटिशींना उत्तरं देतो, म्हणूनच सांगतोय. ॲग्रीमेंट लिहिताना माझ्या डोक्यात एकच चालू असतं, की उद्या वाद झाला तर समोरचा वकील ह्या ओळीवरून माझ्या माणसाला पिंजऱ्यात काय विचारेल. ज्यानं पिंजऱ्यातला माणूस घामाघूम झालेला कधी बघितलाच नाही त्याला हे सुचणार कुठून.

एक प्रकरण सांगतो, नावं गावं सोडून. एक सप्लायर, छोटा माणूस, मशिन्ड पार्ट्स बनवणारा, त्यानं एका मोठ्या कंपनीवर बिलाच्या पैशांचा दावा लावला. मी कंपनीकडून म्हणजे प्रतिवादीकडून होतो. कागद बघितले तर त्याच्याकडे सगळं होतं असं वाटावं, पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर आहे, इन्व्हॉइस आहे, माल पोचवल्याची चलनं आहेत, चलनांवर सह्या पण आहेत. सरतपासाचं ॲफिडेव्हिट, म्हणजे साक्षीदाराची आपल्या बाजूची लेखी साक्ष, एकदम गुळगुळीत, वकिलानं लिहिलेलं असतं ना, असणारच. मग उलटतपास सुरू झाला.

माल कुठे उतरवला? गेटवर. चलनावर सही कुणाची? सिक्युरिटीवाल्याची असेल. असेल की आहे? आहे. तो कंपनीचा नोकर की एजन्सीचा? माहीत नाही. मालाची तपासणी तुमच्यासमोर झाली? नाही. माल पास झाला असं दाखवणारा कंपनीचा एक तरी कागद दाव्यात दाखल केलाय? गप्प. जजसाहेबांनी वर बघितलं, स्टेनोची बोटं थांबली, आणि तो बिचारा माझ्याकडे बघायच्याऐवजी स्वतःच्या वकिलाकडे बघायला लागला. सहा-सात प्रश्न झाले असतील फक्त. आवाज चढवला नाही, टेबलावर हात आपटला नाही, ते सिनेमात ठीक आहे.

पण थांब, गोष्ट इथे संपत नाही आणि मला जे सांगायचंय ते पुढेच आहे. आमच्या बाजूचा पर्चेस मॅनेजर पिंजऱ्यात आला तेव्हा समोरचे वकील जुने मुरलेले होते. आमचा बचाव काय, तर माल खराब निघाला म्हणून आम्ही डेबिट नोट काढली, म्हणजे त्याच्या बिलातून तेवढे पैसे वजा धरले. त्यांनी शांतपणे विचारलं, डेबिट नोटेची तारीख काय, आणि आमची नोटीस तुम्हाला कधी मिळाली? डेबिट नोट नोटिशीनंतरची निघाली. माल येऊन कितीतरी महिने झालेले, तोपर्यंत रिजेक्शनचा एक ईमेल नाही, उलट तेच पार्ट लाइनवर वापरलेले. १९३० च्या सेल ऑफ गुड्स ॲक्टचं कलम ४२ तू वाचलंच असशील परीक्षेला, वाजवी मुदतीत माल नाकारतोय असं कळवलं नाही आणि माल ठेवून घेतला तर तो स्वीकारला असंच धरतात. वाचताना ते कलम किती कोरडं वाटतं बघ, पण त्या दिवशी आमचा मॅनेजर त्या कलमात असा काही अडकला की जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या साहेबांनी स्वतःच मला विचारलं, तडजोड करता येईल का. केली. तडजोड पुरशिस, म्हणजे तडजोड झाल्याचं लेखी निवेदन, कोर्टात दाखल झाली, सप्लायरला काही पैसे कमी मिळाले पण लवकर मिळाले.

त्यानंतर मी ज्या ज्या सप्लायरची पीओची कंडिशन बघतो त्यात एक ओळ घालतोच, की माल मिळाल्यापासून इतक्या दिवसांत लेखी रिजेक्शन आलं नाही तर माल पास समजला जाईल, आणि गेटवरच्या सहीच्या जोडीला जीआरएनचा, म्हणजे स्टोअरनं माल आत घेतल्याच्या पावतीचा, नंबर चलनावर लिहून घ्यायचा. आणि कंपनीकडून काम करत असेन तर बरोबर उलटं, तिथे मी स्टोअरवाल्यांना बसवून सांगतो की रिजेक्शनचा ईमेल त्याच आठवड्यात जाऊ दे, डेबिट नोट तेव्हाच काढा, भांडण सुरू झाल्यावर काढलेल्या कागदाचा वास जजला लांबून येतो. फॉर्मॅट काय, सगळीकडे मिळतात, आता तर मोबाइलवर सुद्धा दोन मिनिटांत ॲग्रीमेंट निघतं. कुठली ओळ पुढे जाऊन फाटते ते त्यात लिहिलेलं नसतं.

कोर्टात पहिलं वर्ष तुला नुसतं उभंच राहायचंय हे मनाशी धरून चाल. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, बघणं, पुकारा झाला की सर येतायत साहेब म्हणणं, रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद, वाचणं, नकलेचा अर्ज, दाखल कागदांचे निशाणी नंबर टिपून घेणं. कंटाळा येईल. पण रोजनामा वाचायची सवय लागली ना की प्रकरणात कोण वेळ काढतंय आणि कोण खरंच घाईत आहे हे न विचारता कळतं. शिरस्तेदार, बेलिफ, नाझर ऑफिसातले लोक यांच्याशी नीट बोल, नम्रपणा म्हणून नाही नुसता, त्यांना प्रोसिजर तुझ्यामाझ्यापेक्षा पाठ असते. आणि मराठी ड्राफ्टिंग शीक बरं का. १९९८ पासून आपल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, तरी इंग्लिश मीडियमची पोरं कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, लिहायची वेळ आली की पळ काढतात, तिथे तुला मोकळं रान आहे. दुसऱ्यांचे उलटतपास ऐकत बस, स्वतःचं काम झालं तरी. आपल्या सरांचेच असं नाही, जो वकील कमी प्रश्न विचारतो त्याचे मुद्दाम.

पैशाचं बोलू. बार कौन्सिल ऑफ इंडियानं २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्क्युलर काढलं की ज्युनियरला शहरात महिना निदान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि बऱ्याच चेंबरमध्ये हा विषय निघाला की सिनियरला अचानक फोन येतो. तू लाजू नकोस, पहिल्याच भेटीत विचार. काय देणार, कधी देणार, माझी स्वतःची मॅटर घेतली तर चालेल का. जो माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या हक्कांवर युक्तिवाद करतो त्याला एवढं विचारलेलं चालत नसेल तर तिथे जाऊच नकोस.

आता बिझनेसच्या सल्ल्याचं, कारण तुझा जीव तिथेच अडकलाय. कारखानदाराला कायदा नको असतो, त्याला सोमवारी काय करायचं ते हवं असतं. बारा पानी ओपिनियन कोणी वाचत नाही. पहिल्या पानावर चार ओळी, हे करा, हे करू नका, अमुक तारखेच्या आत करा, आणि मग खाली पाहिजे तेवढी कलमं टाक. तारीख सगळ्यात महत्त्वाची. चेक परत आला की बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि तेही गेले की पुढच्या एका महिन्यात तक्रार. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ ची एवढी साधी मोजणी, पण पार्टी काय करते, समोरचा म्हणतो पुढच्या महिन्यात देतो, हा थांबतो, आणि माझ्याकडे येतो तेव्हा मुदत जाऊन बसलेली. चेकची अजून वैधता असेल तर परत भरायला सांगता येतं, नाहीतर मग विलंब माफीचा अर्ज किंवा सरळ दिवाणी दावा.

उधारीचंही तेच. मालाच्या पैशांच्या दाव्याला तीन वर्षं, आणि व्यापारी माणूस संबंध बिघडू नयेत म्हणून ती तीन वर्षं चहा पिण्यात घालवतो. त्याला मी सांगतो, संबंध ठेव की, कोण नको म्हणतंय, फक्त दर ३१ मार्चला बॅलन्स कन्फर्मेशनवर त्याची सही शिक्का घेत जा. मुदतीच्या आतली लेखी कबुली मिळाली की लिमिटेशन, म्हणजे दाव्याची मुदत, नव्यानं सुरू होतं. छोटा सप्लायर असेल तर माल द्यायच्या आधीच उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवायला लाव, २००६ च्या एमएसएमई कायद्याखाली ४५ दिवसांच्या पुढे थकलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज मागता येतं, पण नोंदणी नंतर केली असेल तर मूळ वाद बाजूला राहतो आणि नोंदणीवरच भांडण सुरू होतं.

आणि व्हॉट्सॲप. हल्ली अर्धा धंदा व्हॉट्सॲपवर ठरतो, रेट तिथे, डिलिव्हरीची तारीख तिथे, ‘ओके सर’ तिथे. मग वाद झाल्यावर म्हणतात मोबाइल बदलला. जालन्याच्या निवडणुकीच्या वादातून गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं की मूळ डिव्हाइसच कोर्टात आणणार नसाल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला सर्टिफिकेट लागणारच, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये तर सर्टिफिकेटचे दोन भाग झालेत, एक पार्टीचा आणि एक एक्सपर्टचा, हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे फाइलच्या डिजिटल ठशासकट. त्यामुळे मी अशिलाला पहिल्याच मीटिंगला सांगतो, रेट ठरला की एक ओळीचा ईमेल टाका, बास. कमर्शियल दाव्यात तर कागद नंतर हळूहळू आणू हे चालतच नाही, दाव्याबरोबरच सगळे द्यावे लागतात. २०१८ नंतर तीन लाखांपासूनचे व्यापारी वाद कमर्शियल कोर्टात जातात, तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर आधी मेडिएशन करावंच लागतं, नाहीतर दावा दाखल करून घेण्याच्या पातळीवरच फेटाळला जाऊ शकतो. आणि प्रतिवादीकडून असशील तर १२० दिवस ध्यानात ठेव, समन्स मिळाल्यापासून तेवढ्यात कैफियत दिली नाही तर हक्कच जातो, जज कितीही चांगले असले तरी त्यांच्या हातात काही राहत नाही.

तू एका ओळीत विचारलं होतंस की फर्म नको तर कंपनीत लीगल मॅनेजर कसं. चांगली नोकरी आहे, काही माझे जुने ज्युनियर मजेत आहेत तिथे. पण पूर्ण वेळ पगारी झालीस की वकिली करता येत नाही, सनद थांबवावी लागते. शिवाय २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की वकील-अशील गोपनीयतेचं साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं जे संरक्षण आहे ते पगारी इन-हाऊस वकिलाला नाही. म्हणजे मालकानं तुला मोकळेपणानं काय सांगायचं आणि काय नाही याचा त्यालाही विचार करावा लागणार.

बाहेरून सल्ला देतानाही एक अंतर ठेव. मालक आवडायला लागतात, घरी जेवायला बोलावतात, मग एक दिवस म्हणतात वकीलबाई तुम्हीच डायरेक्टर व्हा की, किंवा थोडे शेअर्स घ्या फीऐवजी. नाही म्हणायचं, हसून म्हणायचं पण नाहीच म्हणायचं. निकालावर फी ठरवणं तर आपल्या नियमातच बसत नाही. आणि व्यवहाराच्या बोलणीत फार पुढे बसू नकोस, उद्या त्याच बैठकीवर वाद झाला तर तू वकील राहणार नाहीस, साक्षीदार होशील. फी आधी आणि लेखी. तोंडी सल्ला दिला तरी संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल टाकायचा, आज आपण असं बोललो. कारण धंदा बुडाला की वकिलानंच सांगितलं होतं असं म्हणणारे खूप भेटतील तुला.

जजच्या परीक्षेचाही विचार घोळतोय म्हणालीस. मग तर प्रश्नच मिटला, सुप्रीम कोर्टाच्या २०२५ च्या निकालानंतर सिव्हिल जजच्या परीक्षेला तीन वर्षं प्रॅक्टिस लागतेच.

एलएलएम आत्ता नको, घाई काय आहे. आधी सनदेचा फॉर्म भर, जनरल कॅटेगरीला नोंदणी फी कायद्यातल्या ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्येच सांगितलंय, कोणी वरचे पैसे मागितले तर पावती माग. ऑल इंडिया बार एक्झामचा अभ्यास लगेच सुरू कर. पुढच्या महिन्यात माझ्याकडे एका ट्रान्सपोर्टरच्या दाव्यात मॅनेजरचा उलटतपास आहे, त्याची फाइल ज्युनियरकडून मागून घे, ॲफिडेव्हिट वाच आणि तू असतीस तर कोणते पाच प्रश्न विचारले असतेस ते लिहून पाठव. पाचच. सहावा लिहिलास तर तो का लागला ते पण लिही.

तुझा,
सर