एसीचा गॅस काढून व्हॅक्यूम करायची सुरक्षित पद्धत कोणती? पाच मिनिटं पंप लावला की झालं का?

नाही, व्हॅक्यूम म्हणजे पंपाने पाइपातली हवा आणि ओल ओढून काढणं, ते पाच मिनिटांत झालं असं कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि अर्धा तास पंप चालवला तरी नुसतं घड्याळ बघून ते कळत नाही. तुम्ही लिहिलंय की दीड टनाचा आर-३२ गॅसवाला इन्व्हर्टर एसी नव्या घरी बसवला, एका मेकॅनिकने पंपाची गरजच नाही म्हटलं, दुसऱ्याने पाच मिनिटं लावला, आणि आता लिकेज निघालंय म्हणून उरलेला गॅस काढायचाय. मी रोज हेच काम करतो त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी महत्त्वाचं. लिकेज आहे ना, मग पंप डाऊन करू देऊ नका. पंप डाऊन म्हणजे एसी कूलिंगवर चालू ठेवून बारीक पाइपचा व्हॉल्व्ह एलन कीने बंद करायचा, कॉम्प्रेसर गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतो, मग जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच एसी बंद करायचा. शिफ्टिंगच्या वेळी सिस्टीम धड असेल तर हेच बरोबर आहे. पण कॉइलला भोक असेल किंवा फ्लेअर नट (पाइप जोडायचा नट) नीट बसलेला नसेल तर प्रेशर शून्याखाली गेलं की कॉम्प्रेसर बाहेरची हवा आत खेचायला लागतो, आत आधीच तेल आणि गॅस, त्यात हवा मिसळली आणि वरून दाबली गेली की डिझेल इंजिनात जसं ठिणगीशिवाय पेटतं तसं पेटतं आणि कॉम्प्रेसर फुटतो. यात मेकॅनिकचे जीव गेलेत, म्हणून मी इतकं ठासून सांगतोय.

लिकेजवाल्या एसीतला गॅस रिकव्हरी मशीनने काढायचा, रिकव्हरीच्याच सिलेंडरमध्ये, खाली वजनकाटा ठेवून, आणि सिलेंडर ८० टक्क्यांच्या वर भरायचा नाही कारण उन्हात आतलं लिक्विड फुगतं. ही मशीन सगळ्यांकडे नसते हे मलाही माहीत आहे, पण फोनवर विचारा, ज्याच्याकडे आहे तो येतो. नुसता होज काढून खोलीत गॅस सोडणं तर अजिबात नको. तो हवेपेक्षा जड असतो, खाली फरशीवर साचतो, दारं लावलेल्या छोट्या बेडरूममध्ये माणूस गुदमरू शकतो, आणि आर-३२ पेट घेतो हे बरेच जण विसरतात. काही एसीत आर-२९० गॅस असतो, तो तर सरळ प्रोपेनच. लिक्विड हातावर उडालं तर कातडी गोठते, आर-३२ उणे ५२ डिग्रीला उकळतो, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. शिवाय १ किलो आर-३२ हवेत सोडला तर तापमानवाढीच्या हिशोबात तो ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका पडतो, जुना आर-२२ तर १८१० किलोइतका.

गॅस पूर्ण निघाल्याशिवाय पाइप जोडायचा गॅस टॉर्च पेटवायचा नाही. ज्योतीत आर-३२ जळला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, नाकात घशात आग होते आणि फुफ्फुसाला घातक आहे. जॉइंट झाला की नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट, रेग्युलेटर लावूनच. ऑक्सिजनने टेस्ट कधीच नाही, वेल्डिंगचा सिलेंडर हाताशी असतो म्हणून काही जण तो लावतात, पण तेल आणि प्रेशरखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

आता व्हॅक्यूम. खरा गोंधळ इथेच आहे. पंप लावला की साध्या गेजचा काटा थोड्याच वेळात उणे ३० (इंच पारा) जवळ जातो आणि मेकॅनिक म्हणतो झालं. पण ३० डिग्रीला पाणी साधारण ३२,००० मायक्रॉनला (मायक्रॉन म्हणजे व्हॅक्यूम मोजायचं एकक, आकडा जितका कमी तितका व्हॅक्यूम चांगला) उकळायला लागतं, आणि त्या वेळी तो काटा उणे २९ च्या आसपास दिसत असतो. म्हणजे काटा शेवटाला टेकलेला वाटतो तेव्हा आतलं पाणी कुठे वाफ व्हायला सुरुवात झालेली असते. आपल्याकडे मुंबई, ठाणे, कोकणात पावसाळ्यात पाइप दोन तास उघडा राहिला तरी दमट हवा आत जाते, आर-३२ च्या सिस्टीममधलं तेल ती ओल शोषून घेतं, पुढे ॲसिड होतं आणि कॉम्प्रेसरची वाइंडिंग जाते. थोडा गॅस सोडून हवा ढकलून काढायची जी जुनी पद्धत आहे ना, तिने हवा थोडीफार निघेल, ओल तशीच राहते.

त्यामुळे मायक्रॉन गेज पाहिजे, आणि तो पंपाला नाही, सिस्टीमच्या बाजूला लावायचा. ५०० मायक्रॉनच्या खाली आलं की मॅनिफोल्डचा (पंप आणि एसीच्या मधल्या गेज-सेटचा) व्हॉल्व्ह आधी बंद, मग पंप बंद, नाहीतर पंपाचं तेल आत ओढलं जातं. आणि मग हात न लावता दहा पंधरा मिनिटं आकड्याकडे बघत बसायचं. थोडा वर जाऊन १,००० च्या आतच थांबला तर छान. हळूहळू चढून १,५०० किंवा २,००० ला अडकला तर आत ओल आहे, कोरडा नायट्रोजन भरून सोडायचा आणि परत पंप लावायचा. थांबतच नाही, चढतच चाललाय, तर कुठेतरी लिकेज आहे किंवा तुमचा होजच गळतोय, ते आधी तपासा. पंपाचं तेल दुधाळ झालेलं असेल तर कितीही चालवा, आकडा खाली येणार नाही, तेल बदलावं लागतं. पंप मोकळ्या हवेत ठेवायचा आणि आर-२९० असेल तर त्याचा स्विच लांबच्या बोर्डावर.

व्हॅक्यूम असताना चुकूनही एसी चालू करायचा नाही, कॉम्प्रेसरच्या टर्मिनलला आतल्या आत ठिणगी पडून तो जळतो. घरात कोणी रिमोट हातात घेऊन बसलं असेल म्हणून मी आधी एमसीबीच पाडतो.

आउटडोअर खिडकीबाहेर ब्रॅकेटवर असेल तर सेफ्टी बेल्ट लावल्याशिवाय कोणाला बाहेर उतरू देऊ नका, तो घाई करत असेल तरी.

फोन करताना तीन गोष्टी विचारा, रिकव्हरी मशीन आहे का, मायक्रॉन गेज आहे का, गॅस वजनाने भरता का. किती ग्रॅम ते आउटडोअरच्या नेमप्लेटवर लिहिलेलं असतं, आणि तुमचा पाइप नेहमीपेक्षा लांब असेल तर दर मीटरला किती वाढवायचा ते मॅन्युअलमध्ये असतं, तेवढं पान मोबाइलवर काढून ठेवा.