आयर्विनला पाणी किती?

विश्रामबाग, सांगली
रविवार रात्र

अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की तुझा रात्री पावणेदोनचा मेसेज. त्यात वेबसाइट बनवायच्या टूलांची चौदा नावं होती, मी मोजली. नेक्स्ट, अ‍ॅस्ट्रो, स्वेल्ट, टेलविंड, बन, आणखी काय काय. आणि खाली एक ओळ : "सर, यातलं आधी काय शिकू? मी मागे पडतेय." फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू नुसतं 'हो सर, हो सर' करतेस आणि ठेवला की पुन्हा यूट्यूब लावतेस. म्हणून लिहितोय.

आधी तुझं रडगाणं घेतो. चार महिने, रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा प्रोजेक्ट उभा करून देणाऱ्या क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपवर शिकलीस आणि आता ते चालवलं की 'हे बंद झालंय' अशी सूचना येते. खरं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द रिअ‍ॅक्टच्या टीमनेच सांगून टाकलं की नव्या कामाला हे घेऊ नका. मग चार महिने पाण्यात गेले का? कंपोनंट कुठे तोडायचा, प्रॉप्स वरून खाली कसे जातात, स्टेट कुणाकडे ठेवायची, हे तू शिकलीस ना? ते सगळं जागच्या जागी आहे. बदलला तो फक्त प्रोजेक्ट उभा करायचा सांगाडा. सोर्सचं फोल्डर उचलून व्हीट या तसल्याच दुसऱ्या टूलमध्ये ठेव. इंडेक्सची फाइल बाहेर काढावी लागेल, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांची नावं बदलावी लागतील, जेएसएक्स असलेल्या फाइलींची शेपटं बदलावी लागतील. दुपारभराचं काम. (त्याचा उच्चार 'वीट' असाच आहे. फ्रेंच शब्द, अर्थ 'झटपट'. रोज नवं टूल ऐकून कान किटलेल्या मराठी माणसाला याहून चपखल नाव मिळणार नाही.)

आता मुद्द्याचं. पावसाळ्यात आपण सांगलीकर काय बघतो? कोयना धरणातून विसर्ग किती सोडलाय आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट आहे. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे पुराचे व्हिडिओ आपण बघतो, पण ते बघून कुणी धान्याची पोती माळ्यावर चढवत नाही. तुझी चौदा नावं म्हणजे ते व्हिडिओ. वेबमधली कोयना म्हणजे ब्राउझर. तिकडे वर काय सुटलंय ते कळत असलं की इथे कुठल्या गल्लीत पाणी शिरणार याचा अंदाज येतो.

जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी २००६ साली आली तेव्हा प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा वेगळी होती. तिने सगळ्यांना एका दावणीला बांधलं. पुढे पानावरचा घटक शोधायची, सर्व्हरकडून माहिती मागवायची सोय ब्राउझरमध्येच आली आणि तिची गरज ओसरत गेली. लेफ्ट-पॅडची गोष्ट तर तुला माहीत असायलाच हवी. आकड्याच्या डावीकडे शून्य किंवा मोकळी जागा भरणारा अकरा ओळींचा कोड. मार्च २०१६ मध्ये लिहिणाऱ्याने तो एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या सामायिक कोठारातून, काढून घेतला आणि जगभरचे बिल्ड धडाधड पडले, कारण तो कुणाच्या तरी पोटातल्या कुणाच्या तरी पोटात होता. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, तेच काम करणारं 'पॅडस्टार्ट' थेट जावास्क्रिप्टमध्ये आलं. एवढा गहजब झाला आणि आज त्या पॅकेजची गरजच नाही.

माझ्याकडे एक जुनी फाइल आहे. तिच्यात सव्वा लाखाचा स्वल्पविराम योग्य जागी पडावा म्हणून मी लिहिलेलं चाळीस ओळींचं फंक्शन आहे. केवढा अभिमान होता मला त्याचा! आता ब्राउझरमध्येच असलेल्या 'इंटल' या सोयीच्या नंबर फॉरमॅटला भाषा मराठी, देश भारत एवढं सांगितलं की तो १,२५,००० असं, देवनागरी आकड्यांत, लाखाच्या हिशेबाने मांडून देतो. एका ओळीत. मी ती फाइल पुसलेली नाही. डोकं वर जायला लागलं की उघडून बघतो.

तेव्हा कुठलंही नवं नाव कानावर आलं की एवढंच विचार : हे कशावरचं औषध आहे, आणि ते दुखणं मला आहे का? टेलविंड हे मोठ्या टीममध्ये सीएसएसचा गुंता होतो त्यावरचं औषध. तुझ्या टीममध्ये तू एकटी आहेस.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. २०१९ च्या पुरात, ऑगस्टमध्ये, आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभागातले आमचे पाहुणे, चुलते, त्यांचे भाडेकरू, सगळे आमच्या घरी होते. एकवीस माणसं. मी मोठ्या उत्साहाने पाणीपातळीचं पान केलं होतं. रिअ‍ॅक्ट, वर आलेख, नुसत्या तारखा दाखवायला मोमेंट, तेही जगातल्या सगळ्या भाषांसकट. दीड एमबीचं प्रकरण. माझ्या लॅपटॉपवर झकास दिसायचं. मग लाइट गेली. टॉवरही अर्धमेले. मारुती चौकाजवळ वरच्या मजल्यावर अडकलेल्या मावसभावाचा फोन आला, "दादा, तुझं ते गोल नुसतं फिरतंय रे. माझी बॅटरी आठ टक्के आहे, तोंडी सांग." तोंडी सांगितलं. मग मेणबत्तीच्या उजेडात साधं एचटीएमएल लिहिलं : एक मथळा, एक आकडा, किती वाजताचा आकडा ते. चार केबी. जावास्क्रिप्ट शून्य. ते उघडलं.

रिअ‍ॅक्ट वाईट आहे असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. पुण्यात मुलाखतीला गेलीस की रिअ‍ॅक्ट विचारणार, तेव्हा ते शीकच, आणि टाइपस्क्रिप्टही. पण ते पान मी रिअ‍ॅक्टमध्ये का केलं? कारण मला तेव्हा रिअ‍ॅक्ट शिकायचं होतं. माझी हौस मी मावसभावाच्या बॅटरीवर भागवली.

त्याआधीचा एक घोळ थोडक्यात. २०१५ ला मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानाची पट्टी मी अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कमध्ये केली. वजन, दर, त्यातून हमाली, तोलाई वजा, शेतकऱ्याच्या हातात किती. २०१६ च्या सप्टेंबरात अँग्युलर २ आलं, आणि ते नावापुरतं दोन. आतून सगळंच वेगळं. जुन्याचा आधार डिसेंबर २०२१ ला संपला. मला ते सगळं पुन्हा लिहावं लागलं, अर्थात पदरमोड करून. त्याच दुकानात माझ्या आधी कुणीतरी लिहिलेली पीएचपीची एक वेडीवाकडी फाइल होती. दिवाणजी रात्री बेरीज तपासायला अजून तीच उघडतात. माझ्यासमोर उघडतात.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे. तू पातळी रोज बघू नकोस, महिन्यातून एकदा तासभर बघ. एमडीएन या वेबच्या माहितीच्या साइटवर ब्राउझरच्या एखाद्या सोयीचं पान उघडलंस की वरच 'बेसलाइन' अशी खूण दिसते. क्रोम, एज, फायरफॉक्स, सफारी, चारही घरी ती सोय पोचली की ती 'नव्याने उपलब्ध' होते, आणि त्यानंतर ३० महिने गेले की 'सर्रास उपलब्ध'. पहिलीवर घरी खेळ, दुसरी गिऱ्हाइकाच्या कामात घाल. वापरतेस त्या टूलची नवी आवृत्ती आली की काय नवं आलं ते नंतर, आधी काय काढून टाकलं ते वाच. पोळतं ते तिथेच.

एआयचं विचारलं होतंस. वापर की. पण तो जुनं वाचून शिकलाय हे ध्यानात ठेव. मागच्या महिन्यात माझ्याकडच्या पोराला त्याने तारखेसाठी मोमेंट सुचवलं, पोराने मुकाट्याने घातलं. मोमेंटच्या कर्त्यांनी २०२० मध्येच 'नव्या प्रोजेक्टला आम्हाला घेऊ नका' असं लिहून ठेवलंय. पाच मिनिटं वाचलं असतं तर सापडलं असतं.

माझ्या टेबलाच्या खणात एक जुना अँड्रॉइड आहे, काचेला तडा गेलेला. त्याचा ब्राउझर केव्हाचा अपडेट झालेला नाही. तू पाठवलेलं बेदाणा भावाचं पान त्यावर उघडलं, तर पांढरंफटक. शोधलं. ऑप्शनल चेनिंगचं, म्हणजे मागितलेली माहिती नसली तरी कोड अडू नये म्हणून घालतात ते, इवलंसं प्रश्नचिन्ह आणि टिंब. त्या ब्राउझरला ते वाचता येत नाही, आणि एक चिन्ह अडलं की तो अख्खी फाइल टाकून देतो. तुझ्या वडिलांचा फोन कुठला आहे गं? ते तासगावला सौद्याला जातात तेव्हा भाव कशावर बघतात? हे तू त्यांना विचारलेलं नाहीस, पान बघूनच कळतं.

तर या महिन्याचा अभ्यास : तेच भावाचं पान, आधी नुसतं एचटीएमएल आणि सीएसएस. दर, आवक, तारीख दिसली पाहिजे. मग त्यावर जावास्क्रिप्टचा हात फिरव, पण स्क्रिप्ट मेली तरी दर दिसत राहिला पाहिजे. चौदा नावांपैकी कशाची गरज पडली तर मला सांग, मलाही बघायचंय.

पुढच्या रविवारी चारला ये. येताना चौकातून भडंग आण, तिखट. मी तो फोन चार्जिंगला लावून ठेवतो.

तुझा,
सर