दुखत नसताना गोळी कशासाठी?

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या मुलाला सिकलसेलचा आजार आहे. त्याला ७ महिन्यांपासून हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल रोज घ्यायची आहे. परवा अंथरूण झाडताना उशीच्या अभ्र्यात ११ कॅप्सूल सापडल्या. विचारल्यावर ‘मला आता कुठे दुखतंय?’ एवढेच तो म्हणाला. रागावून पाहिले, आमिषही दाखवले. काय करावे?

उत्तर : त्याची शंका रास्त आहे, हे आधी मान्य करू या. वेदनाशामक गोळीचा गुण थोड्या वेळात कळतो. हायड्रॉक्सियुरिया मात्र बाळ पोटात असताना असते त्या प्रकारच्या हिमोग्लोबिनचे रक्तातील प्रमाण हळूहळू वाढवते, त्यामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकणे, आणि त्यातून कळ उठणे, कमी होते, आणि हे घडायला काही महिने जातात. न उठलेली कळ मुलाला दिसत नाही. म्हणून रक्ततपासणीचे अहवाल त्याच्यापुढे ठेवा. औषध नियमित पोटात गेले, की तांबड्या पेशींचा सरासरी आकार, म्हणजे अहवालातील ‘एमसीव्ही’, बहुधा वाढतो. हा आकडा त्यालाच वहीत लिहू द्या. या वयात उपदेशापेक्षा स्वतः टिपलेला आकडा अधिक पटतो, असे माझे मत आहे. मात्र त्याची चोरी पकडण्यासाठी तो वापरू नका.

कॅप्सूल चुकल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगा. औषध रोज घेतले जात आहे या समजुतीने त्यांनी मात्रा वाढवली आणि पुढे मूल खरोखरच ती नियमित घेऊ लागले, तर पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात. चुकलेल्या मात्रेपेक्षा लपवलेली मात्रा अधिक घातक ठरते ती यामुळे. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये, हेही ओघाने आलेच.

लपवावेसे का वाटले, हे शांतपणे विचारा. कॅप्सूल घशात अडकते म्हणूनही मुले ती टाळतात, आणि ते सांगायला लाजतात. तसे असल्यास पातळ औषधाविषयी डॉक्टरांशी बोला. कॅप्सूल घरी स्वतःहून फोडू नका, कारण आतली पूड हाताला लागणे किंवा श्वासात जाणे चांगले नाही. रात्री दात घासण्याआधी की सकाळी, ही वेळ त्याला निवडू द्या. कॅप्सूल घेताना मात्र मोठ्या माणसाने जवळ असावे.

त्या ११ कॅप्सूल पुन्हा डबीत टाकू नका. पुढच्या तपासणीला सोबत न्या.