दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं तर आमचे डॉक्टर रागावतील का?

कॅन्सरचं निदान झालेल्या घरांतून हा प्रश्न मला सारखा येतो, म्हणून एका ताईंचा अनुभव सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

वय 46, स्तनात गाठ, बायोप्सीत कॅन्सर निघालेला, सर्जननी सांगितलं सोमवारी ऑपरेशन, स्तन काढावा लागेल. गुरुवारी दोघं माझ्यासमोर बसले होते. ताई गप्पच, बोलत होते ते त्यांचे मिस्टर (दादा), की मॅडम, डॉक्टर चांगलेत, आमच्या आईचं ऑपरेशन त्यांनीच केलं, आता दुसरीकडे गेलो तर त्यांना काय वाटेल, परत त्यांच्याच दारात जायची वेळ आली तर? आणि तोवर पसरलं तर?

आधी पसरण्याचं बोलले, कारण खरी भीती ती होती. स्तनाच्या कॅन्सरमधे आठवडा-दोन आठवडे नीट तपासण्यात गेले म्हणून सहसा बिघडत नाही. अ‍ॅक्यूट ल्युकेमियासारख्या आजारात मात्र थांबायला वेळच नसतो, म्हणून किती दिवस थांबलं तर चालेल हे पहिल्याच डॉक्टरांना विचारायचं.

मग काय बोलायचं ते आम्ही दोन-तीनदा म्हणून बघितलं. "डॉक्टर, तुमच्यावर विश्वास आहेच, पण एवढं मोठं ऑपरेशन, एकदा टाटाला दाखवून येतो, रिपोर्ट, स्लाइड आणि ब्लॉक मिळतील का?" सर्जनना तसंच विचारल्यावर ते म्हणाले, जाऊन या, मी चिठ्ठी देतो. दादांच्या डोळ्यात पाणीच आलं. (कुणी टाळाटाळ केली तर लेखी अर्ज द्या, मागितल्यापासून 72 तासांत कागदपत्रं द्यायची असा नियम आहे.)

स्लाइड म्हणजे काचेवर लावलेला गाठीचा पातळ काप, आणि ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, तो लॅबमधे जपून ठेवलेला असतो. नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही, नवीन डॉक्टर तो तुकडाच परत तपासतात. आणि तो उन्हात गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.

परळला टाटामधे तपासल्यावर कॅन्सर तोच निघाला, पण आधी न केलेली हर-टू टेस्ट (कॅन्सरच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे का हे बघणारी) पॉझिटिव्ह आली, म्हणजे त्यावरचं वेगळं इंजेक्शन चालणार होतं, म्हणून आधी केमो आणि इंजेक्शन, मग ऑपरेशन असं ठरलं. तिथे डॉक्टरांनी ताईंकडे बघून विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय? तेव्हा त्या बोलल्या, "काढायलाच लागेल का?" आठ दिवस हा प्रश्न पोटात ठेवून होत्या, घरात कुणी विचारलंच नव्हतं.

मुंबईला जाणं जमत नसेल त्यांना 'नव्या' नावाच्या सेवेमार्फत टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या (देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं) तज्ज्ञांचं मत ऑनलाइनही मिळतं. फक्त सेकंड ओपिनियन कॅन्सरच्या तज्ज्ञाचंच घ्या, जडीबुटीवाल्याकडे जाण्यात गेलेले महिने परत येत नाहीत, हे मी फार घरांत बघितलंय.

ताईंची केमो गावाजवळच झाली, गाठ बरीच आकसली, आणि ऑपरेशन त्याच पहिल्या सर्जननी केलं. फक्त गाठ काढली, नंतर रेडिएशन दिलं. परवा फॉलोअपला आल्या तेव्हा दादा बाहेर बसले होते, आत ताई एकट्याच आल्या, हातात प्रश्नांची चिठ्ठी घेऊन.